मालक बदलला तरी मागची सर्व्हिस सोडू नकोस

पोरा, कंपनी विकली जाणार असं कळलं की सगळे एकच विचारतात, नोकरी राहील का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. नोकरी बहुतेक वेळा राहते. नवा मालक मशिनं घेतो, तेव्हा ती चालवणारे हातही त्याला हवेच असतात. खरा घात होतो तो दीड-दोन वर्षांनी. ऑर्डरी कमी होतात, दोन प्लांटचा एक प्लांट होतो, दहा माणसांचं काम करणारी नवी लाइन येते आणि कपातीची यादी लागते. त्या दिवशी हिशेब मांडणारा विचारतो, ‘सर्व्हिस किती?’ तिथे सतरा वर्षं लिहिली जाणार की दोन, हे मालक बदलला त्या आठवड्यातच ठरून गेलेलं असतं. तेव्हा तू कुठल्या कागदावर सही केलीस आणि कुठल्यावर नाही केलीस, त्यावर सगळं असतं. म्हणून आत्ता, तुमच्या कंपनीची बोलणी चालू आहेत तोवर, शांतपणे ऐकून घे.

आकड्यांत सांगतो. समज, तुझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला २४,००० रुपये होतात, आणि हिशेबाच्या सोयीसाठी तोच पगार सगळीकडे धरू. जुन्या मालकाकडे १४ वर्षं ७ महिने झाले, नव्याकडे २ वर्षं २ महिने. सर्व्हिस अखंड धरली तर १६ वर्षं ९ महिने होतात. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे १७. कपातीची भरपाई दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे १२,००० रुपये. सतरा वर्षांचे झाले २,०४,०००. मागची सर्व्हिस तुटली असेल तर हातात येतात फक्त दोन वर्षांचे २४,०००. ग्रॅच्युइटीचं गणित वेगळं. तिथे महिन्याचा पगार २६ ने भागून १५ ने गुणतात, म्हणून दर वर्षाला १३,८४६ पडतात आणि सतरा वर्षांचे साधारण २,३५,३८५ होतात. सर्व्हिस तुटली तर नव्या मालकाकडे तुझी पाच वर्षंच भरलेली नाहीत, तिथे ग्रॅच्युइटी शून्य. जुन्याकडे तुझे पैसे निघतात, पण सगळं विकून मोकळ्या झालेल्या मालकाच्या मागे फिरणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना विचार. आणि हे लक्षात ठेव, कपातीची भरपाई वेगळी आणि ग्रॅच्युइटी वेगळी. दोन्ही मिळतात. एकीत दुसरी धरली आहे असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नकोस.

हा हक्क कुठून आला ते तुला माहीत असायला हवं, कारण तो आपल्याच मातीतल्या माणसांच्या लढ्यातून आला. बार्शी लाइट रेल्वे तू पाहिली नसशील. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी ती नॅरोगेजची गाडी होती. वारकरी तिने पंढरीला जायचे. ती इंग्लंडमधल्या एका खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ ला ती भारत सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने आधीच कामगारांना नोटिसा दिल्या, की ३१ डिसेंबर १९५३ ला तुमची नोकरी संपली, पुढे सरकारला हवे असाल तर सरकार घेईल. कामगारांचं म्हणणं साधं होतं. कंपनीने आम्हाला कमी केलं आहे, तर १९५३ मध्येच कायद्यात आलेली कपातीची भरपाई आम्हाला द्या. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल लागला, तो कामगारांच्या विरोधात. कोर्ट म्हणालं, चालू धंद्यात जादा झालेल्या माणसांना काढणं म्हणजे कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे.

त्या रेल्वेच्या कामगारांच्या पदरात काही पडलं नाही. पण निकालाने कायद्यातलं भगदाड सगळ्यांना दिसलं. १९५७ मध्ये सरकारने आधी वटहुकूम काढला, मग औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली आणि ती निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू केली. तेच ते कलम २५ एफएफ. आमच्या पिढीतल्या प्रत्येक युनियनवाल्याच्या जिभेवर ते असायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आणि तीच तरतूद आता कलम ७३ मध्ये बसली आहे. नंबर बदलला, गाभा तोच आहे. ज्यांच्या हरण्यातून तो गाभा तयार झाला, त्यांच्यासाठी तरी तो वाया जाऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तर गाभा काय आहे? कारखान्याची मालकी किंवा व्यवस्थापन एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, मग ते करारानं जावो नाहीतर कायद्यानं, तर ज्याची सलग एक वर्षाची सर्व्हिस झाली आहे अशा प्रत्येक कामगाराला, जणू त्याची कपातच झाली असं समजून, नोटीस आणि भरपाई मिळायला हवी. ती द्यायची जबाबदारी जुन्या मालकाची. यातून मालकाची सुटका एकाच वाटेनं होते, आणि त्या वाटेवर तीन अटी आहेत. हस्तांतरणामुळे सर्व्हिसमध्ये खंड पडता कामा नये. सेवाशर्ती आधीपेक्षा कुठल्याही बाबतीत कमी होता कामा नयेत. आणि पुढे कधी कपात झाली, तर मागची सर्व्हिस अखंड धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर कायद्याने यायला हवी. तिन्ही पुऱ्या झाल्या तर आज भरपाई नाही, कारण ती उद्यासाठी शाबूत आहे. तिन्हींतली एक जरी मोडली, तरी भरपाई आजच देणं लागतं. दोन पाळल्या आणि एक मोडली, असं चालत नाही.

‘कुठल्याही बाबतीत’ म्हटलं की लोक फक्त पगाराचा आकडा बघतात. तसं करू नकोस. पगार तेवढाच ठेवून बाकीचं हळूच काढून घेतलेलं मी पुष्कळ पाहिलं. मूळ पगार कमी करून भत्ते वाढवले, तर हातात येणारी रक्कम तीच दिसते पण पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पाया खाली येतो. निवृत्तीचं वय ६० वरून ५८ केलं तर दोन वर्षांचा पगार गेला. साठलेली रजा नव्या कंपनीत शून्यावरून सुरू झाली, मेडिक्लेममधून आईवडील गळले, बस बंद झाली, रात्रपाळीचा भत्ता गेला, युनियनच्या करारातला सर्व्हिसप्रमाणे मिळणारा वाढीव भत्ता नव्या पत्रात दिसेनासा झाला. एका कागदाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे आज तुला काय मिळतं ते सगळं लिही, कँटीनच्या सवलतीपासून. उजवीकडे नव्या पत्रात काय आहे ते लिही. जिथे उजवीकडची जागा रिकामी राहते, तिथे तुझा प्रश्न आहे.

पण त्याही आधी एक गोष्ट शोधून काढ. नक्की विकलं काय जातंय? कारखाना विकला जातोय, की कंपनीचे शेअर? शेअर विकले गेले तर कागदोपत्री तुझा मालक बदलतच नाही. कंपनी तीच, तिचे भागधारक बदलले. तुझं नेमणूकपत्र, तुझा करार, तुझी सर्व्हिस जिथल्या तिथे राहते. कोणी नवं पत्र पुढे केलं तर ते का, हे विचारायचा तुला पूर्ण अधिकार आहे. एअर इंडियाचं असंच झालं. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली ती शेअर विकूनच. त्या व्यवहारात सरकारने अट घातली होती, की पहिलं वर्षभर कोणाला कमी करायचं नाही आणि त्यानंतर कमी करायचं झालंच तर आधी स्वेच्छानिवृत्तीची संधी द्यायची. कारखाना किंवा त्याचा एखादा विभागच दुसऱ्या कंपनीला विकला, तर मात्र मालक खरोखर बदलतो आणि कलम ७३ चा विषय सुरू होतो. हे ओळखायचं कसं? पगाराच्या चिठ्ठीवर कंपनीचं पूर्ण नाव असतं. सगळा व्यवहार झाल्यावर ते नाव अक्षरन्‌अक्षर तेच राहणार का, असं एचआरला लेखी विचार.

त्या एअर इंडियाच्या अटीवरून आठवलं. तुमच्या युनियनला बोलणी करायची संधी मिळाली, तर ‘इतक्या वर्षांत कपात नाही’ हे कलम जरूर मागा. एक वर्ष मिळालं तरी चांगलं, तीन मिळाली तर उत्तम. मात्र अशा कलमाच्या आनंदात अखंड सर्व्हिसचं वाक्य विसरायचं नाही. ती मुदत कधीतरी संपते आणि संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे काय उरतं, ते त्या वाक्यावर ठरतं.

आता त्या सहीच्या दिवसाबद्दल. एका कारखान्यात मी युनियनच्या कामासाठी गेलो होतो. कँटीनमध्ये टेबलं लावलेली, प्रत्येकाच्या नावाची फाइल तयार, बाजूला पेढ्यांचे बॉक्स. फाइलमध्ये तीन कागद. वरचा नव्या मालकाचं स्वागताचं पत्र. दुसरा नवं नेमणूकपत्र. तिसरा अर्ध्या पानाचा, त्यात टाइप केलेलं, की मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे आणि माझं कंपनीकडे काही येणं नाही. खाली सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली, म्हणजे माणसाने वाचायचं नाही, फुली दिसली की सही करायची. सकाळच्या पाळीतल्या बहुतेकांनी केल्या. दुसऱ्या पाळीतल्या एका फिटरने तिसरा कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. ‘मी राजीनामा देतोय कुठे? तुम्ही कंपनी विकताय,’ एवढंच तो म्हणाला. त्याच्यामागे रांग थांबली. त्या संध्याकाळी राजीनाम्यांचे कागद परत घ्यावे लागले, सकाळच्या पाळीचेसुद्धा, आणि पत्रात अखंड सर्व्हिसचं वाक्य आलं. तो फिटर युनियनचा पदाधिकारी नव्हता, फार बोलकाही नव्हता. त्याला वाचायची सवय होती.

म्हणून मालक बदलताना राजीनामा द्यायचा नाही. तोंडी कोणी कितीही सांगितलं, ‘ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांचं असंच चाललंय,’ तरी नाही. राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तूच नोकरी सोडलीस. मग ना आजची भरपाई, ना मागची सर्व्हिस. ‘फुल अँड फायनल’ नावाच्या कागदाचंही तेच. हिशेब घ्यायचा असेल तर कशाकशाचा ते त्यात लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ‘यापुढे माझा कोणताही दावा नाही’ या ओळीवर पेन टेकवण्याआधी वकिलाला किंवा युनियनला दाखवायचं.

नव्या पत्रात मला कोणतं वाक्य हवं, ते तुला सांगून ठेवतो. ‘आपली अमुक तारखेपासूनची सेवा अखंड धरली जाईल, हस्तांतरणामुळे तिच्यात खंड पडला असे मानले जाणार नाही, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कोणत्याही बाबतीत कमी राहणार नाहीत, आणि भविष्यात कपात झाल्यास भरपाई या संपूर्ण सेवेवर दिली जाईल.’ अमुकच्या जागी तू पहिल्यांदा कामावर आलास ती तारीख, विक्रीची नव्हे. पत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घे, वेळ माग, घरी आण. ‘आताच्या आता करा’ असा आग्रह होत असेल आणि सही टाळता येत नसेल, तर सहीशेजारी लिही, ‘माझ्या मागील सेवेचे सर्व हक्क राखून’. आणि त्या पानाचा फोटो काढ. नंतर स्वतःच्या अक्षरात अर्ज देऊन वाक्याची मागणी कर आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. ऑफिसवाले शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव. ईमेल चालतो, व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नकोस.

तुला त्या नव्या मालकाकडे जायचंच नसेल तर? तेही तुझ्या हातात आहे. कामगार म्हणजे मशिनीबरोबर येणारा नटबोल्ट नव्हे. कोलकात्याचा फिलिप्सचा टीव्हीचा कारखाना व्हिडिओकॉनच्या एका कंपनीकडे गेला, तेव्हा हा प्रश्न सुप्रीम कोर्टात आला. २०११ मध्ये कोर्टाने सांगितलं, की कामगाराच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या मालकाकडे काम करायला भाग पाडता येत नाही. जायचं नसेल तर तो भरपाईला पात्र आहे. पण दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही. जुन्या मालकाकडून हस्तांतरणाची भरपाई घ्यायची आणि नव्याकडे तीच सर्व्हिस अखंड आहे असंही म्हणायचं, हे कोर्टाने फार पूर्वी, १९६२ च्या अनकापल्ली सहकारी संस्थेच्या खटल्यापासून अमान्य केलं आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. तेव्हा घरी बसून ठरव. वय किती, बाहेर काम मिळेल का, नव्या मालकाचं नाव कसं आहे. तुझ्यासारख्याला, ज्याची अजून वीस वर्षं कामाची आहेत, मी अखंड सर्व्हिस घ्यायला सांगेन. पंचावन्नाव्या वर्षी असतास आणि नव्या मालकाचा धंदा डळमळीत दिसत असता, तर कदाचित पैसे हातात घे म्हणालो असतो.

ग्रॅच्युइटीचाही हाच प्रश्न येतो. जुनी कंपनी म्हणेल, तुमची ग्रॅच्युइटी आज चुकती करतो. मोठा चेक बघून बरं वाटतं. पण एकदा घेतलीस की त्या वर्षांची ग्रॅच्युइटी आजच्या पगारावर बंद झाली. ती नव्याकडे चालू राहिली असती, तर निवृत्तीच्या वेळच्या पगारावर मोजली गेली असती. चालू ठेवायची असेल तर नव्या मालकाने ती जबाबदारी घेतल्याचं लेखी घे आणि ग्रॅच्युइटीचा फंड नव्या ट्रस्टकडे वळता झाला का, ते विचार.

पीएफबद्दल थोडक्यात. यूएएन नंबर एकच राहू दे, जुन्या खात्यातले पैसे नव्यात वळवून घे, काढू नकोस. पेन्शनला दहा वर्षांची सर्व्हिस लागते, मधेच काढलेस तर ती साखळी तुटते. जुन्या मालकाने भरलेल्या शेवटच्या महिन्याचा आणि नव्याच्या पहिल्या महिन्याचा पासबुकातला आकडा ताडून बघ. बाहेर पडण्याचं कारण म्हणून तिथे कोणी ‘राजीनामा’ टाकलं नाही ना, हेही बघ. जुन्याने पीएफ थकवला असेल तरी घाबरायचं कारण नाही. जुन्या पीएफ कायद्याच्या कलम १७ बी पासून तत्त्व ठरलेलं आहे, की विक्रीच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीला जुना आणि नवा दोघेही जबाबदार; नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीइतकी.

आता समज, सगळं नीट झालं आणि दोन वर्षांनी नव्या मालकाने कपात काढलीच. एक वर्ष झालेल्या कामगाराला कारणासह लेखी एक महिन्याची नोटीस, नाहीतर तेवढा पगार. भरपाई काढतानाच द्यायची, ‘नंतर खात्यात टाकू’ नाही. ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांचा कारखाना असेल तर तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची आगाऊ परवानगी. सरकारने साठ दिवसांत काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. जुन्या कायद्यात हा आकडा १०० होता. विक्रीत कारखान्याचे दोन तुकडे झाले, तर तुम्ही ३०० च्या खाली जाऊ शकता, हे व्यवहाराच्या वेळीच ध्यानात घ्या. शिवाय नव्या संहितेत कौशल्य निधी आहे. कपात झालेल्याच्या खात्यात शेवटच्या पगाराचे पंधरा दिवसांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत जमा व्हायला हवेत. ते भरपाईच्या वर आहेत, मागायला विसरू नका.

कपातीत कोणाचा नंबर आधी, ते सिनिऑरिटी लिस्टवर ठरतं. नियम असा, की त्या त्या गटात जो शेवटी आला तो आधी जातो. वेगळं करायचं असेल तर मालकाने कारण लिहून ठेवायला हवं. इथे मागच्या सर्व्हिसचा दुसरा उपयोग कळतो. नव्या मालकाची स्वतःची माणसं आणि तुम्ही, अशा दोन याद्या एक होतात. त्या यादीत तुझी तारीख विक्रीची लागली, तर पंधरा वर्षांचा जुना माणूस तू सगळ्यांत नवा ठरतोस आणि पहिलं नाव तुझं येतं. म्हणून एकत्र यादी बोर्डावर लागली की त्याच दिवशी बघ, चूक असेल तर लेखी हरकत दे. आणि काढल्यापासून वर्षभरात कंपनीने त्याच कामासाठी भरती काढली, तर कपात झालेल्यांना आधी बोलवावं लागतं. गेटवरची जाहिरात बघत राहा, मित्रांनाही सांगून ठेव.

एक वर्षाची सर्व्हिस म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. भरपगारी रजा, कामावर झालेल्या अपघाताची रजा, ले-ऑफचे दिवस हे त्यात धरतात. तुझी बायको नोकरी करते, तिला सांग, प्रसूतीच्या रजेचे २६ आठवड्यांपर्यंतचे दिवसही धरतात. दिवस मोजायला हजेरी लागते, आणि जुन्या कंपनीची हजेरीची यंत्रणा विक्रीनंतर बंद होते. म्हणून विक्रीपूर्वीच शेवटच्या दोन वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, पहिलं नेमणूकपत्र, परमनंट झाल्याचं पत्र, युनियनचा चालू करार, जुनं ओळखपत्र, सगळं डाउनलोड कर, एक प्रत कागदावर काढ. जुन्या कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड विक्रीच्या दिवशी बंद होतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

तुझा तो सुपरवायझर मित्र विचारत होता, त्याला हे लागू आहे का. देखरेखीचं काम आणि महिन्याला १८,००० च्या वर पगार असेल तर तो या संहितेत कामगार ठरत नाही, मॅनेजर तर नाहीच. पण पदाच्या नावावर जाऊ नये, प्रत्यक्ष काम काय करतो ते बघतात. नावाला सुपरवायझर आणि दिवसभर मशिनीवर उभा, तर तो कामगारच. जो खरोखर बाहेर पडतो, त्याच्यासाठी त्याचं नेमणूकपत्र हाच कायदा, म्हणून अखंड सर्व्हिसचं वाक्य त्याला जास्तच गरजेचं. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मात्र त्यालाही आहेतच. ठेकेदाराकडच्या पोरांची अवस्था सगळ्यांत वाईट. ठेका बदलतो, माणूस तोच राहतो, कागदावर दर वेळी नवा. त्यांना मी एवढंच सांगतो, की प्रत्येक ठेकेदाराची पगाराची चिठ्ठी आणि गेटपास जपा, पीएफचा नंबर एकच ठेवा.

लंडनला गेलेली आपली भाची म्हणते, तिकडे १९८१ पासून असा नियम आहे, २००६ मध्ये तो नव्याने लिहिला, आणि मालक बदलला की माणसाचा करार आपोआप जसाच्या तसा नव्याकडे जातो, सर्व्हिससकट. आपल्याकडे ते आपोआप होत नाही. इथे लिहून घ्यावं लागतं.

आणि लिहून घेऊनही कोणी फसवलं, तर थांबायचं नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज करता येतो, पण वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी काढलेल्या कामगाराला तीन वर्षं मिळायची, त्या जुन्या आठवणीवर राहू नका. ‘साहेब बघतो म्हणालेत’ यात सहा-आठ महिने सहज जातात. युनियनबरोबर जा, एकटा असशील तरी जा. काढलेल्या कामगाराला एकट्यालाही वाद उभा करता येतो. अर्जात पहिल्या पानावर तीन तारखा लिही: पहिल्यांदा कामावर आलास ती, कंपनीचं हस्तांतरण झालं ती, आणि तुला काढलं ती. खाली तुझ्या मते येणं असलेली रक्कम, हिशेबासकट. सोबत दोन्ही मालकांची पत्रं जोड, आणि प्रतिवादी म्हणून जुना आणि नवा, दोघांचीही नावं घाल.